स्मरणार्थ एक अर्धी विजार

पद्मनाभपंत देवस्थळी संस्कृतचे शिक्षक होते आणि आयुष्यात ते एकदाच धावले होते, तेही मागे गाय लागली म्हणून. त्यांचे चिरंजीव हेमचंद्र कागद गिरणीचे तंत्र शिकण्यासाठी दोन वर्षे स्कॉटलंडमधल्या किल्डार्नी गावी राहिले आणि परत येताना एक ओव्हरकोट, मार्मालेडची आवड आणि किल्डार्नी रोव्हर्स या फुटबॉल क्लबवरची आजन्म निष्ठा घेऊन आले. हेमचंद्रांचे चिरंजीव शिरीष यांनी ती निष्ठा पुण्यात सांभाळली. वाचनालयात उशिरा येणारी विलायती वर्तमानपत्रे चाळून ते रोव्हर्सचा पराभव शोधून काढीत आणि संध्याकाळी वडिलांना हलक्या आवाजात सांगत. शिरीषांचा मुलगा क्षितिज सिंगापूरला एका बँकेच्या संगणक विभागात व्यवस्थापक होता, टॅम्पिनीसमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता, आणि स्कॉटलंडचे तोंडही न पाहता चौथ्या श्रेणीतल्या त्या क्लबचा वर्गणी भरणारा सभासद होता. घराण्याचे गोत्र बदलता येत नाही. देवस्थळींना क्लबही बदलता येत नव्हता.

हेमचंद्र निवर्तल्याला चार वर्षे झाली होती. हयातीत ते एक वाक्य अधूनमधून बोलत, "त्या लोकांचं एक देणं माझ्याकडून राहून गेलं." कसले देणे, हे विचारण्याची घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. क्लबच्या मंडळींनी वडिलांना न्यूमोनियातून वाचवले असावे, असा शिरीषांचा तर्क होता. घरमालकिणीने बाहेर काढले तेव्हा आसरा दिला असावा, असा क्षितिजचा. खरे काय ते फक्त हेमचंद्रांच्या पत्नीला, सविताबाईंना, ठाऊक होते आणि त्यांनी त्याबद्दल तोंड उघडले नव्हते.

त्या सविताबाई सत्त्याऐंशीव्या वर्षी नातवाकडे मुक्कामाला आल्या आणि तिसऱ्याच दिवशी न्याहारीच्या टेबलावर त्यांनी हुकूम सोडला.

"क्षितिज, यांचं ते स्कॉटलंडचं देणं मला माझ्या डोळ्यांदेखत फिटलेलं बघायचंय. तुझ्या बापानं जन्मभर नुसते पराभव वाचले."

"पण आजी, देणं कसलं, ते तरी सांग!"

"सांगण्यासारखं असतं तर यांनीच सांगितलं नसतं का? त्या लोकांना काय हवं-नको ते विचार आणि दे. आणि हो, यांचं नाव लागलं पाहिजे. आपल्या मारुतीच्या देवळात पंख्याच्या पात्यावरसुद्धा 'स्मरणार्थ' लिहिलेलं असतं."

क्षितिजने क्लबला फोन लावला. फोन मोरागबाईंनी उचलला. या बाई क्लबच्या चिटणीस होत्या, फाटकावर तिकिटे त्याच फाडत आणि खेळाडूंचे कपडेही त्याच धूत. सिंगापूरहून कोणी सभासद बोलतो आहे हे कळल्यावर त्यांनी हातातले धुणे बाजूला ठेवले. क्लबची पद्धत त्यांनी समजावली. गावातल्या कोणीही एखाद्या खेळाडूच्या कपड्याचा खर्च उचलावा. त्या पैशांतून क्लबच्या उपाहारगृहात दर बुधवारी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना गरम सूप मिळते, आणि फाटकाजवळच्या दांडीवर मुलांसाठी थंडीचे कोट टांगले जातात, ज्याला लागेल त्याने न्यावा.

"शर्ट मात्र सगळे गेले हो," मोरागबाई म्हणाल्या. "खाटकानं एक घेतला, न्हाव्यानं एक. अंत्यविधीच्या दुकानवाल्यानं तर दोन घेतले. मोजेसुद्धा संपले. आमच्या डेव्हीची अर्धी विजार तेवढी उरलीय. बाहेरगावच्या सामन्यांत घालायची, पिवळी."

क्षितिजने मनाशी हिशेब केला. डेव्ही हा पोस्टमन कायम राखीव बाकावर बसलेला असे. विजार बाहेरगावची. नाव छापले जाणार ते सामन्याच्या पत्रिकेत, बारीक अक्षरांत. त्याने होकार दिला.

"झालं का काम?" सविताबाईंनी विचारले. "नाव कशावर लागणार?"

"खेळाडूच्या गणवेशावर, आजी."

"छातीवर?"

"नाही, जरा खाली."

"पोटावर?"

"अजून जरा..."

"आजी, चहा गरम करून देऊ का?" क्षितिजची बायको गार्गी घाईघाईने म्हणाली.

"कमरेपाशी, म्हणजे पट्ट्यावर," सविताबाईंनी स्वतःच निकाल दिला. "शोभून दिसेल."

त्याच दुपारी त्यांनी पुण्यापासून नागपूरपर्यंतच्या देवस्थळींना कळवले, की परदेशी खेळाडूच्या कंबरपट्ट्यावर यांचे नाव लागत असून येत्या शनिवारी सामना आहे. शेजारच्या इमारतीतल्या उल्हासला त्यांनी जेवायलाच बोलावले. उल्हास इंग्लंडमधल्या एका श्रीमंत क्लबचा चाहता होता आणि रोव्हर्सचे नाव निघाले, की त्याला उगीचच खोकला येई.

"तू खरं का नाही सांगितलंस?" गार्गीने स्वयंपाकघरात नवऱ्याला गाठले.

"अगं, सामना त्यांच्या घरच्या मैदानावर आहे. घरी ते पांढऱ्या विजारी घालतात. पिवळी कपाटातून निघणारसुद्धा नाही. आणि डेव्ही खेळतोच कुठे? आजी सामना बघेल, हार बघेल आणि झोपेल."

मैदानावरचे दिवे बिघडल्यामुळे सामना भर दुपारी ठेवला होता, तेव्हा सिंगापुरात नेमकी रात्रीच्या जेवणाची वेळ होती. क्लबचे इंटरनेटवरचे प्रक्षेपण लावलेल्या टीव्हीसमोर सविताबाई नऊवारीत, ताठ बसल्या होत्या. शेजारी बारा वर्षांची पणती इशिता, पलीकडे उल्हास, आणि टेबलावर उभ्या केलेल्या फोनमध्ये पुण्याहून शिरीष. श्रीखंडाच्या वाट्या नुकत्याच फिरल्या होत्या, तोच खेळाडू मैदानात आले. विजारी पिवळ्या होत्या.

"पिवळ्या का?" क्षितिजच्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

"पाहुण्यांनी पण पांढऱ्याच आणल्या, अंकल," इशिताने समालोचन ऐकून उल्हासला सांगितले. "रेफरी सेज कॅनॉट लाइक दॅट. सो रोव्हर्स मस्ट चेंज."

पाठोपाठ दुसरी बातमी आली. नेहमीचा पुढचा गडी तापाने अंथरुणावर होता आणि त्याच्या जागी डेव्ही खेळणार होता. क्षितिजने शेवटची आशा धरली, ती पत्रिकेतल्या बारीक अक्षरांची. तेवढ्यात मैदानावरच्या कर्ण्यातून मोरागबाईंचा आवाज घुमला. सिंगापूरच्या कुटुंबाने आपल्या दिवंगत वडीलधाऱ्यांची आठवण ठेवली, म्हणून क्लबने पत्रिकेवर न भागवता हे नाव स्वखर्चाने कापडावर छापून घेतले आहे, असे त्यांनी जाहीर केले. टाळ्या झाल्या. छाप चांगला मोठा, तळहाताएवढ्या अक्षरांत घेतला होता. कुठे घेतला होता, हे डेव्ही वळून धावू लागल्यावर दिसले.

उल्हासला खोकला आला.

"क्षित्या," तो हळूच म्हणाला, "आजोबांचं नाव अगदी बसायच्या जागी टाकलंस रे."

"बाबांचं नाव दिसलं का? मला इथून नीट दिसत नाहीये," फोनमधून शिरीष म्हणाले.

क्षितिज आजीकडे पाहण्याचे टाळत होता. सविताबाई मात्र पापणी न हलवता पडद्याकडे पाहत होत्या. हेमचंद्र देवस्थळी चिखलात घसरले, उठले, दोनदा आडवे पडले, आणि पूर्वार्ध संपता संपता त्यांनी चक्क गोल केला. म्हणजे डेव्हीने केला. आनंदाच्या भरात तो थेट कॅमेऱ्याकडे धावत आला. सिंगापूरची मंडळी पाहत आहेत हे त्याला बजावून सांगितले असणार, कारण कृतज्ञतेने त्याने कॅमेऱ्याकडे पाठ केली, कमरेतून वाकला आणि छापलेल्या नावावर दोन्ही हातांनी थाप मारली.

"आजी, माझं चुकलं," क्षितिज उठून उभा राहिला. "शर्ट संपले होते. मी तुला आधीच सांगायला हवं होतं, की ती... ती अर्धी विजार..."

"चड्डी म्हण," सविताबाई म्हणाल्या.

त्या घरात आठवडाभर सगळ्यांनी टाळलेला शब्द असा उघड्यावर आला, आणि मग सविताबाई हसू लागल्या. इतक्या हसल्या, की गार्गी पाणी घेऊन धावली.

"चड्डीच होती रे! यांचं देणं चड्डीचंच होतं!"

"काय?" फोनमधून शिरीष ओरडले.

"ऐका. हे नवीनच गेले होते तिकडे. गिरणीतून येताना बर्फावरून घसरले ते थेट रोव्हर्सच्या फाटकाशी. पँट मागून टराटर फाटली. दुसरी पँट धोब्याकडे. तेव्हा क्लबचे कपडे धुणारी एक बाई होती, तिनं हात धरून आत नेलं, सूप पाजलं आणि दांडीवरची वाळत घातलेली एक चड्डी हातात दिली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. त्यावर कोट चढवून हे बर्फातून घरी गेले. पुढच्या शनिवारी क्लबचा एक गडी घरच्या तपकिरी पँटमध्ये खेळला. का, ते फक्त यांना ठाऊक."

"पण मग परत का नाही दिली?" गार्गीने विचारले.

"अगं, धुऊन, इस्त्री करून दर शनिवारी वर्तमानपत्रात बांधून नेत होते! पण परक्या बाईमाणसाच्या हातात चड्डी द्यायची कशी? संकोच. तिच्या नवऱ्याच्या हातात द्यावी, तर तो म्हणणार, माझ्या बायकोकडून ही तुमच्याकडे आली कशी? दोन वर्षं पुडकं मैदानावर न्यायचे आणि सामना बघून परत आणायचे. त्या पायात फुटबॉल आवडायला लागला." सविताबाईंनी डोळे पुसले. "ही गोष्ट नातवाला सांगायची का मी? पण बघ, चड्डी घेतली होती, चड्डीच दिलीस. सुटले हे."

क्षितिजने बसून आपली वाटी पुढे ओढली. उल्हासनेही प्रामाणिकपणे दुसऱ्यांदा श्रीखंड घेतले. सगळे आनंदात होते, तेवढ्यात इशिता किंचाळली.

"मोठी आजी! अय्यो, इट टोअर!"

प्रतिस्पर्ध्याने मागून धरलेली डेव्हीची विजार "देव" आणि "स्थळी" यांच्या मधोमध उभी फाटली होती. पिवळ्या विजारीचा दुसरा जोड क्लबकडे नव्हता आणि पांढरी घालू द्यायला पंच तयार नव्हते. डेव्ही टॉवेल गुंडाळून रेषेबाहेर उभा राहिला. मोरागबाई सुईदोरा शोधत होत्या तोवर पाहुण्यांनी दोन गोल केले. रोव्हर्स हरले.

सविताबाईंचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा कडक झाला.

"म्हणजे आपल्या पायी त्यांचा गडी दुसऱ्यांदा उघडा पडला. एकाचं देणं होतं, ते दोनाचं झालं."

"आजी, नवी पाठवू या ना एक," क्षितिज म्हणाला.

"एक नाही. सगळ्यांना. आणि शिवण मी बघणार."

दुसऱ्या दिवशी टॅम्पिनीसच्या मॉलमधल्या खेळाच्या दुकानात सविताबाईंनी पिवळ्या विजारींची एकेक शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. तरुण विक्रेता आधी घाबरला, मग स्वतःही ताणू लागला. निवडलेल्या विजारी घरी आणून त्यांनी प्रत्येकीची मागची शिवण दुहेरी करायला घेतली. त्या काळात उल्हास त्यांना सुईत दोरा ओवून देत असे. त्याचा खोकला बरा झाला होता.

पुडके बांधायच्या वेळी इशिता म्हणाली, "मोठी आजी, नेम प्रिंट करायचं? डाउनस्टेअर्स शॉप कॅन डू. व्हेरी चीप वन."

क्षितिजने आजीकडे पाहिले. मारुतीच्या देवळातला पंखा त्याच्या डोळ्यांपुढे फिरू लागला.

सविताबाईंनी दात लावून दोरा तोडला. "नको. देताना त्यांनी यांचं नाव विचारलं नव्हतं."

पुडके किल्डार्नीला पोहोचले, त्यानंतरच्या बुधवारी मोरागबाईंनी उपाहारगृहातून व्हिडिओ कॉल लावला. मागे लांब टेबलांवर गावातले म्हातारे सूप पीत होते. खेळाडू आपापल्या नोकऱ्यांवरून जेवणाच्या सुट्टीत वाढायला आले होते आणि बाहेर बर्फ असल्याने बऱ्याच जणांनी पिवळ्या विजारी पँटवरूनच चढवल्या होत्या. डेव्ही टपालाची थैली खांद्याला लावून सर्वांच्या पुढे उभा होता.

"त्यांना पाठमोरं व्हायला सांग," सविताबाई म्हणाल्या.

क्षितिजने संकोचत इंग्रजीत सांगितले. रोव्हर्सचा अख्खा संघ, हातातले सुपाचे वाडगे सांभाळत, वळला. सविताबाईंनी चष्मा लावला आणि फोन जवळ घेऊन त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहत गेल्या. शिवण कुठे उसवली नव्हती. नाव कुठेच नव्हते.

"फिटलं," त्या म्हणाल्या, आणि पडद्यावरच्या त्या साऱ्या पाठींना त्यांनी हात जोडले.