टाकी नंबर चारची चौकशी

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. पण जगात एक गोष्ट पक्की आहे: ज्याला वास आधी येतो, तो वाचतो. हे मी नाही, कोळंबी म्हणते.

आमच्या कोळंबी संशोधन केंद्रात मी नोंदी ठेवतो. शिक्षण बेताचं; जे कळलं ते टाकीवर वाकून. कोळंबी मिश्यांनी वास घेते. लघवी डोक्यातून करते आणि त्यातूनच एकमेकींना निरोप धाडते. (आमच्या मीटिंगमध्येही विचार तिथूनच येतात, फक्त पाणी नसतं.) शेजारीण चिरडली की तिचा वास पसरतो, आणि बाकीच्या वाळूत गडप. फक्त डोळे वर. कात टाकली की अंग मऊ पडतं, मग तर तोंडच दाखवत नाहीत.

तर चार नंबरच्या टाकीतल्या कोळंब्या खाईनात. रोज सकाळी साहेब पाहणीला यायचे, बाही सारून हात पाण्यात घालायचे, की पाचशेच्या पाचशे वाळूत! साहेब खूश: "शिस्त बघा!" पुढे कोळंब्यांचं वजन घटलं. शिस्तीचं श्रेय साहेबांकडेच राहिलं, उपासमारीचा ठपका पंप्यावर आला. पंप्या म्हणजे माझा दोस्त. टाक्यांचे पंप आणि खाणं तोच बघायचा.

चौकशी समिती बसली, नोंदी घ्यायला कोपऱ्यात मी. सदस्य सात, नाकपुड्या चौदा. अध्यक्ष साहेबच.

पंप्या सरळ बोलला, "साहेब, तुम्ही हाताला सेंट लावून येता, तो पाण्यात उतरतो. रविवारी तुम्ही नसता, तेव्हा बघा कशा तुटून पडतात खाण्यावर."

खोलीत सेंटचा नुसता घमघमाट. साहेबांनी विचारलं, "कुणाला येतोय का वास?"

सदस्य खुर्च्यांत इतके खाली सरकले की टेबलावर फक्त डोळे उरले. (टाकीत याला बचाव म्हणतात, ऑफिसात एकमत.) रविवारच्या नोंदी माझ्या वहीत होत्या. वही मांडीवर होती. मी ती हळूच मांडीखाली घेतली.

निष्कर्ष: वास आढळला नाही. पंप्याने सोमवारपासून येऊ नये.

गेटवर तो म्हणाला, "काय रे, सर्दी झालेली का तुला?"

"नुकतीच कात टाकलीय रे. अंग मऊ आहे."

हसला नाही. घरी बायकोला काय सांगू, एवढंच म्हणाला.

मग मी त्याला शब्द दिला. हे सगळं लिहितो, लोकांना वाचायला देतो. वाचणाऱ्यांतल्या एकाने जरी "हो, येतोय वास" म्हणून हात वर केला, तरी दुसरा हात माझा, वहीसकट. आईशप्पथ.

अजून तरी मला तुमचे फक्त डोळेच दिसतायत.