विस्तिनचा पाच मीटरचा चेहरा

"पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं!" विस्तिन ग्रिक्ती गाडीचं दार आपटून म्हणाला. "आत जातो, त्या कोंबडाराजाच्या साहेबाची कॉलर धरतो, सगळ्या प्रदर्शनासमोर त्याला माफी मागायला लावतो आणि येतो. तू इंजिनसुद्धा बंद करू नकोस!"

"कॉलर-बिलर धरू नकोस," त्याची बायको चेत्तिना स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाली. "नीट बोल. आणि दार हळू लाव, ते आपलंच आहे."

पण विस्तिनला नीट बोलायचंच नव्हतं. तीन महिने तो नीटच तर बोलत होता!

वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढल्यावर विस्तिनने माल्टातल्या झेय्तून गावी, राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एक वेबसाइट सुरू केली होती. इंटरनेटवरच्या जुगारात कुठला कसिनो बरा, कुठला भामटा, कोण पैसे वेळेवर देतो, हे तो तिच्यावर लिहायचा. ते वाचून कोणी खेळायला गेला, की तो कसिनो विस्तिनला वाटा द्यायचा. नऊ वर्षं धंदा झकास चालला. कोंबडाराजा नावाचा कसिनो तर त्याचा जिवलग! त्यांनी मागितला म्हणून विस्तिनने भाच्याच्या लग्नातला आपला फोटोही हौसेने पाठवला होता. लाल टाय, कानापर्यंत हसू. खाली त्यांनी छापलं, 'माझा विश्वास फक्त कोंबडाराजावर! — विस्तिन, माल्टा.'

मग ऑगस्टमध्ये एका ओळीचा ईमेल आला. कलम चौदानुसार आपलं खातं बंद करण्यात येत आहे. का, कशासाठी, काही नाही! माणूस सोडा, लोक घरातल्या मांजरालासुद्धा असं हाकलत नाहीत.

तेही विस्तिनने गिळलं असतं. पण खातं गेलं आणि फोटो राहिला! तो आता गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर उगवायला लागला. पाववाल्याच्या, दातांच्या डॉक्टरच्या, विहिणीच्या. रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर फादरनी त्याला बाजूला घेतलं. "विस्तिन, काल मी नाताळच्या केकची कृती शोधत होतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तर तू आलास. हसत."

त्या दिवशी विस्तिनला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. त्याने कोंबडाराजाला एक्केचाळीस ईमेल पाठवले. प्रत्येकाला सोफिया नावाच्या बाईचं तेच उत्तर. 'प्रिय भागीदार, तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या आहेत.' पोचल्या आहेत! मग तो फोटो हटवा की, भामट्यांनो!

म्हणून नोव्हेंबरात ह्या धंद्याचं मोठं प्रदर्शन ता-आलीच्या मैदानावर भरलं, तेव्हा विस्तिन दाढी करून, मुठी आवळून दारात हजर झाला.

नावनोंदणीच्या रांगेत नव्वद माणसं होती. टेबलामागच्या पोरीने मान वर केली आणि किंचाळली, "अय्या! तुम्ही कोंबडावाले ना?"

"मी कोंबडावाला नाही!" विस्तिन गरजला.

"आवाजपण काय मस्त आहे!" तिने उठून त्याच्या गळ्यात लाल पट्टा घातला. "स्टॉलवाल्यांना रांग नसते हो, जा आत."

विस्तिनने नव्वद माणसांकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं आणि तोंड बंद ठेवून आत गेला.

आत म्हणजे एक असं लग्न होतं, ज्यात झाडून सगळे वरपक्षाचे! जो तो दुसऱ्याला काहीतरी विकत होता, घेणारा कोणी दिसत नव्हता. चक्रं फिरत होती, फुकटचे टीशर्ट उडत होते, पायांना उंच बांबू बांधून चालणारा एक माणूस लोकांच्या डोक्यांवरून चॉकलेटं फेकत होता. त्यातलं एक विस्तिनच्या कपाळाला लागलं. त्याचा पारा आणखी चढला.

आणि समोर कोंबडाराजाचा स्टॉल आला. त्यावर विस्तिन होता. पाच मीटर उंच! एकेक दात न्हाणीघराच्या फरशीएवढा. लग्नात जेवताना दातात अडकलेली पालकाची काडी तेव्हा कोणाला दिसली नव्हती. इथे ती केळ्याएवढी झाली होती.

"आलात एकदाचे!" एक उंचच्या उंच स्वीडिश माणूस धावत आला. कोंबडाराजाचा स्टॉलप्रमुख टोर्केल. "नट पाठवायला एजन्सीला दहाची वेळ दिली होती मी!"

"कसली एजन्सी? मी विस्तिन ग्रिक्ती!"

"बरोबर, तुम्ही विस्तिन. छान! पण लाल टाय कुठाय?"

"टाय गेला खड्ड्यात! सोफिया कुठाय? बोलवा तिला!"

"कोण सोफिया?"

"माझ्या एक्केचाळीस ईमेलांना उत्तर देणारी!"

"अच्छा, ती होय!" टोर्केल हसला. "ती बाई नाही हो, प्रोग्राम आहे. आम्ही त्याला नाव दिलंय."

"आणि हा?" विस्तिनने बोट वरच्या पाच मीटरकडे रोखलं.

"हाही खरा नाही. डिझायनर म्हणाला, कॉम्प्युटरने बनवलेला माणूस आहे. आता तुम्हीच सांगा, खरा माणूस असा हसेल का?"

विस्तिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने खिशातून आपलं ओळखपत्र काढून टोर्केलच्या नाकासमोर नाचवलं.

"अरे वा, कार्डसुद्धा बनवलंत!" टोर्केल म्हणाला. "एजन्सीला पैकीच्या पैकी मार्क!"

मग मात्र विस्तिन फुटला. "चोर आहेत हे!" तो असा ओरडला, की चक्र फिरवणाऱ्या पोरीचा हात थांबला. "माझं खातं खाल्लं! माझं तोंड चोरलं! आता म्हणतात, मी नाहीच! ह्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका!"

लोक गोळा झाले. मोबाइल वर झाले. टाळ्या पडल्या!

"किती वेगळी जाहिरात!" कोणीतरी म्हणालं.

"ही जाहिरात नाहीये, गाढवांनो!"

हशा! पुन्हा टाळ्या! विस्तिन जेवढा ओरडे, तेवढे लोक कोंबडाराजाकडे नाव नोंदवायला पुढे सरकत. दहा मिनिटांत चाळीस नवे भागीदार झाले. टोर्केल त्याच्या कानाला लागला. "ते 'तोंड चोरलं' पुन्हा एकदा घ्या. जमलं तर जरा रडत."

विस्तिन टेबलावर चढला. फलकावरच्या हनुवटीच्या खालून कापडाची कड पकडली आणि अंगातला सगळा राग हातात आणून हिसका दिला. नाकाखालचा सगळा विस्तिन टरटरत निघाला आणि टेबलावरच्या विस्तिनच्या अंगावर कोसळला. मागोमाग सांगाडा, दिवे आणि तीनशे फुकट टीशर्ट! विस्तिन स्वतःच्याच जबड्याखाली कोळ्याच्या जाळ्यातल्या माशासारखा तडफडत होता आणि बाहेर लोक शिट्ट्या मारत होते.

एका दणकट हाताने त्याला बाहेर ओढलं. सुरक्षारक्षक होता. त्याने विस्तिनचं तोंड निरखलं. "विस्तिन? तू?"

"साल्वू!" विस्तिनला भरून आलं. साल्वू त्याच्याच गावचा, दोन गल्ल्या पलीकडचा. "सांग बाबा ह्यांना, मी कोण ते!"

"सांगतो ना." साल्वूने त्याची बाही सोडली नाही. "हा झेय्तूनचा विस्तिन ग्रिक्ती. ह्याने लिहिलेलं वाचून माझा मेहुणा झेप्पी कोंबडाराजावर खेळायला बसला. होडीचं इंजिन विकलं त्याने. दोन वर्षं झाली, दुसऱ्यांच्या होडीवर मजुरी करतोय. तुला एकदा गाठायचंच होतं मला."

"साल्वू, अरे, मी खोटं नाही रे लिहिलं. कोण पैसे वेळेवर देतो, एवढंच—"

"आणि तुला वाटा मिळतो."

"मिळायचा."

"कशातला?"

विस्तिन अंगावर अडकलेला टीशर्ट झटकायला लागला.

"कशातला, विस्तिन? झेप्पी जिंकला तर मिळायचा?"

"नाही."

"मग?"

"हरला तर," विस्तिन म्हणाला. ते इतकं हळू आलं, की मागून कोणीतरी ओरडलं, "मोठ्याने! ऐकू येत नाही!"

ह्या वेळी टोर्केल हसत नव्हता. तो पांढराफटक पडला होता. "तुम्ही खरोखरचे आहात?" त्याने विचारलं आणि उत्तर न ऐकताच वकिलाला फोन लावला.

अर्ध्या तासात विस्तिनचा चेहरा स्टॉलवरून उतरला, लोकांच्या मोबाइलवरूनही गेला. जिंकला होता तो! माफी कोणी मागितली नाही. सोफियाचा ईमेल मात्र आला. 'प्रिय भागीदार, तुमची अडचण दूर झाल्याचा आम्हाला आनंद आहे. कृपया आम्हाला पाच तारे द्या.'

बाहेर चेत्तिना गाडीबाहेर उभी होती आणि तिच्या शेजारी एक पोलीस वही बंद करत होता. "मैदानाला एकोणीस चकरा मारल्या मी!" ती कडाडली. "एकोणीस! विसाव्या वेळी ह्या साहेबांनी अडवलं! कुठे उलथला होतास?"

विस्तिनने तिला सगळं सांगितलं. स्टॉल, सोफिया, जबडा. तोवर ती नुसती धुमसत होती. मग त्याने झेप्पीचं सांगितलं आणि ती गप्प झाली. चेत्तिना गप्प झाली, की विस्तिनला जास्त भीती वाटायची.

"बस गाडीत," ती म्हणाली. "मार्साश्लोकच्या बंदरावर जायचंय. झेप्पीकडे."

"आत्ता? अगं, माझी अवस्था बघ! उद्या—"

"उद्या तू जाणार नाहीस. मला तू माहीत आहेस."

वाटेत तिने चीज भरलेल्या गरमागरम पास्तित्सी घ्यायला लावल्या. मार्साश्लोकच्या धक्क्यावर ऊन उतरायला लागलं होतं. झेप्पी दुसऱ्याच कोणाची तरी जाळी शिवत बसला होता. त्याची स्वतःची निळी-पिवळी होडी शेजारी दोरीला बांधलेली, मागची बाजू रिकामी. चेत्तिना गाडीतच थांबली. विस्तिन पास्तित्सीचं खोकं पुढे धरून त्याच्यासमोर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणतीही सबब न सांगता, माफी मागितली. सकाळपासून ओरडून घसा इतका बसला होता, की प्रत्येक शब्द खरवडून काढावा लागत होता. हरलेल्या पैशातला वाटा आपण खाल्ला, हेही त्याने सांगितलं.

झेप्पी शांतपणे ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने एक पास्तित्सी संपवली, दुसरी घेतली.

"म्हणजे आज तू कोंबडाराजाच्या लोकांकडे गेला होतास?" त्याने बोटं पुसत विचारलं.

"हो."

"त्यांचा तिथला साहेब आता तुला ओळखतो?"

"चांगलाच!"

झेप्पीने धक्क्यावर इकडेतिकडे बघितलं. मग जाळी बाजूला सारून तो विस्तिनच्या अगदी जवळ सरकला.

"मग माझं एक काम कर ना," तो कुजबुजला. "बायकोने त्यांना काय कळवलं कोणास ठाऊक, त्यांनी माझंही खातं बंद केलंय. तेवढं उघडून मिळतंय का बघ की!"

विस्तिनने तोंड उघडलं. सकाळपासूनचा सगळा संताप पुन्हा घशाशी आला होता. पण घशातून आवाजच फुटेना. नुसती हवा बाहेर आली आणि मान रागाने वरखाली हलली.

"देव तुझं भलं करो!" झेप्पी म्हणाला आणि त्याने तिसरी पास्तित्सी उचलली.