कानांसाठी प्रार्थना

पाळकसाहेबांचा पांढरा झगा जळला, याचा दोष लाँड्रीवाल्यांनी सरळ समोरच्या दुकानातल्या टेलरमास्तरांवर ठेवला. मास्तर मशीन चालवता चालवता भक्तिगीत गुणगुणत होते. तीन वर्षांपूर्वी चर्चमधल्या गाण्याच्या सरावात याच माणसाने चारचौघांत सांगितलं होतं, "भाऊ, तुमचा सूर जरा खाली लागतोय." तेव्हापासून लाँड्रीवाल्यांनी अबोला धरला होता. आजही ते गुणगुणणं ऐकून त्यांनी रागाने तिकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. इस्त्री मात्र जिथे होती तिथेच राहिली.

पाठीवर मधोमध, इस्त्रीच्याच आकाराचा तपकिरी डाग. झगा एकच, आणि उद्या सकाळी नऊला उपासना.

"वीस वर्षं साहेबांचे कपडे करतोय," लाँड्रीवाले डाग नखाने खरवडत म्हणाले. "आता मंडळीत तोंड कसं दाखवू?"

"समोर टेलरमास्तर आहेत की," बायको घड्या घालत म्हणाली.

"त्यांच्याशी मी बोलत नाही."

"मग झग्यालाच सांगा, तुझा तू रस्ता ओलांडून जा म्हणून."

बायकोपुढे त्यांची मात्रा कधीच चालली नव्हती. झगा पोटाशी धरून ते निघाले.

त्यांना दारात पाहताच मास्तर दोन्ही हात हलवत बेंबीच्या देठापासून ओरडले, "या भाऊ, बसा!" वर स्टुलाकडे बोटही दाखवलं. तीन वर्षं हा माणूस जिथे भेटेल तिथे असाच ओरडायचा. मुद्दाम खिजवतोय असं समजून लाँड्रीवाले मान फिरवून पुढे जायचे.

"हळू बोला हो," ते पुटपुटले. "झगा जळलाय. काही करता येईल का?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"न यायला काय झालं?"

"अहो, तीन वर्षं मी तुमच्या कानांसाठी प्रार्थना करतोय," मास्तरांचे डोळे भरून आले. "हाका मारून मारून माझा घसा बसायचा, तुमचं लक्षच नसायचं. मला तर सरावातच शंका आली होती. सूर खाली लागत होता ना."

लाँड्रीवाल्यांनी एवढ्या निगुतीने अबोला सांभाळला, आणि ज्याच्याशी धरला त्याला त्याचा पत्ताच नाही. खरं सांगावं असं वाटलं, पण हातात जळका झगा होता. तो त्यांनी मास्तरांपुढे पसरला. मास्तरांनी डागावर साटीनचा मोठा पांढरा क्रूस इतका सुबक बसवून दिला की लाँड्रीवाल्यांना स्वतःचीच आणखी लाज वाटली.

रविवारी पाळकसाहेब क्रूसावर इतके खूश होते की उगाचच दोनदा मंडळीकडे पाठ करून उभे राहिले. प्रवचनाआधी, देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष देण्याची वेळ आली आणि मास्तर उठले.

"आपल्या लाँड्रीवाल्या भाऊंचे कान देवानं बरे केले."

टाळ्या पडल्या. पुढच्या बाकावरच्या एक आजी रडायलाच लागल्या. साहेबांनी हात पुढे केला. "भाऊ, या. तुमच्या तोंडून ऐकू द्या."

बाकापासून वेदीपर्यंत दहा पावलं. गप्प राहिलं तर चमत्कार, बोललं तर फजिती. चमत्काराकडे लाँड्रीवाल्यांचं मन फार ओढत होतं. त्यांनी मंडळीकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त आनंद मास्तरांच्या चेहऱ्यावर होता. तो बघवेना.

"माझे कान चांगलेच होते," ते म्हणाले. "मी मास्तरांवर रुसलो होतो. तीन वर्षं. आणि साहेब, तुमच्या त्या क्रूसाखाली इस्त्रीचा डाग आहे. तो मीच पाडलाय."

साहेबांचा हात नकळत पाठीकडे गेला. आता मास्तर काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून लाँड्रीवाले खाली मान घालून उभे राहिले.

मास्तरांनी बोटांवर वर्षं मोजली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मी मागायच्या आधीच देवानं दिलं होतं?"

"हो," लाँड्रीवाले म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय.

"बघा, साहेब," मास्तर वळून म्हणाले, "मी उगाचच इतकी वर्षं देवाला त्रास दिला." आणि बाकावर सरकून त्यांनी लाँड्रीवाल्यांसाठी जागा केली.

लाँड्रीवाले जाऊन बसले आणि पुढच्या आजींपेक्षा मोठ्यानं रडले. पाळकसाहेबांनी ईश्वरी कृपेवरचं पाऊण तासाचं प्रवचन हातात घेतलं, एकवार या दोघांकडे पाहिलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवले.