चेकरची लोकर

जगात जे जे म्हणून केसाळ आहे, त्या सगळ्याचं सूत काढता येतं, असं कंडक्टरीणबाईंचं ठाम मत होतं. मेंढी घ्या, बकरी घ्या, ससा घ्या. फक्त आपला हात बसलेला पाहिजे. लेकीचं लग्न होऊन घर रिकामं झालं, तेव्हा बाई गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मागवालीकडे टकळी फिरवायला शिकल्या. तोवर त्यांची एकच टकळी चालायची, तोंडाची. आता दोन चालायला लागल्या.

मागवाली म्हणजे पुढच्या खोलीत हातमाग आणि मागच्या खोलीत लोकरीची पोती घेऊन एकटी राहणारी म्हातारी. तिच्याकडे बाई पिंजायला शिकल्या, कातायला शिकल्या, धोटा टाकून विणायला शिकल्या. गरम पाण्यात साबण लावून रगडलं की लोकर आकसून तिचा जाड नमदा होतो, हे कळलं त्या दिवशी तर त्यांना राहवेना. घरी येऊन त्यांनी नवऱ्याचा चांगला स्वेटर कढत पाण्यात घालून रगडला. स्वेटरचं अंग उरलं वीतभर. कंडक्टरांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि तेव्हा पिल्लू असलेल्या चेकरच्या अंगात घातला. त्याला तो मापात बसला.

चेकर म्हणजे त्यांचा कुत्रा. कंडक्टरांची सगळी नोकरी तिकीट चेकरच्या धाकात गेली. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना डेपोत उभ्या बसच्या सीटखाली पांढऱ्या केसांचं एक पिल्लू सापडलं. उचललं तर ते आधी त्यांच्या चामडी पिशवीत नाक घालून सगळं तपासायला लागलं. नाव तिथेच ठरलं. पुढे चेकर घोंगडीएवढा झाला. दारात आलेल्याची पिशवी हुंगल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नसे. आयुष्यभर ज्याला भ्यायलो, त्याचंच नाव घेऊन आता ‘बस खाली’ म्हणता येतं, याचा कंडक्टरांना मोठा आनंद होता.

संध्याकाळी फेरी मारून आलं की कंडक्टर पायरीवर बसून त्याला विंचरायचे. कंगव्यात आलेला केसांचा पुंजका बायकोच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “बघ, याचं काही होतंय का.” बाई तो उशीच्या अभ्र्यात कोंबून माळ्यावर टाकायच्या. असे अभ्रे साठत गेले.

चेकर म्हातारा झाला. आधी त्याला जिना चढवेना, तेव्हा कंडक्टर त्याला उचलून वर आणायला लागले. दोघांनाही धाप लागायची. मग एके सकाळी तो उठलाच नाही.

त्यानंतर कंडक्टरांनी संध्याकाळची फेरी सोडली. दाराकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. विचारलं तर ‘हो’ म्हणायचे, फार विचारलं तर ‘नको’. बाई रडल्या नाहीत. त्यांना रडू येत नव्हतं असं नाही, पण हात रिकामे असल्याशिवाय ते यायचं नाही, आणि हात त्या रिकामे ठेवतच नव्हत्या.

अशातच एका दुपारी माळ्यावरचा एक अभ्रा खाली पडला आणि बाईंच्या मनाने घेतलं, की चेकरच्या केसांचं सूत कातायचं, त्याचा मफलर विणायचा आणि थंडी सुरू व्हायच्या आत तो नवऱ्याच्या गळ्यात घालायचा. माणूस आपोआप खुर्चीतून उठेल. मागवालीने पुंजका बोटांत चोळून पाहिला. म्हणाली, हे केस निसरडे आहेत, पीळ धरायचे नाहीत, निम्मी मेंढीची लोकर मिसळ. बाईंना राग आला. चेकरमध्ये भेसळ करायची म्हणजे काय? मागवालीने दुसरी सूचना केली, की हे लोकरीपेक्षा फार गरम असतं, गळ्याला शेक बसेल. बसू दे, बाई म्हणाल्या.

आता हे सगळं कंडक्टरांना कळू न देता करायचं होतं. मफलर एकदम पुढे करायचा, हा बाईंचा बेत. पण कातण्याआधी केस धुवायला हवेत. बाईंनी युक्ती काढली. ‘आज मला न्हायचंय,’ म्हणायचं, न्हाणीघराला आतून कडी घालायची आणि बादलीत चेकरचे केस कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे. रगडायचं नाही, नाहीतर पुन्हा नमदा. मग ते निथळून, स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत जुन्या चादरीवर वाळत घालायचे आणि दार ओढून घ्यायचं. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्या बाई दिवसाआड न्हायला लागल्या. कंडक्टरांनी काही विचारलं नाही, कारण ते काहीच विचारत नव्हते.

ओल्या कुत्र्याचा वास कसा असतो, हे ज्याच्या घरी कुत्रा असतो त्याला सांगायला नको. तो अडगळीच्या खोलीतून निघाला, दाराच्या फटीतून आला आणि खुर्चीपर्यंत पोचला. कंडक्टर उठले. कितीतरी दिवसांनी ते असे चटकन उठले होते. त्यांनी जाऊन पुढचं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. थोडा वेळ ते जिन्याकडे बघत राहिले आणि परत येऊन बसले.

बाईंना वाटलं, बेल वाजली असेल.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी दार उघडून ते खाली पाहत बाजूला सरकले, कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तसे. बाई हातातली वाटी ठेवून पुढे आल्या. काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा कंडक्टर अपराध्यासारखे म्हणाले, “चेकरचा वास येतोय गं. तुला येतो का?”

बाईंनी मनापासून नाक वर करून हुंगलं. सकाळपासून त्याच बादलीत हात घालून बसलेल्या बाईंना कसला वास येणार? त्यांचं नाक केव्हाच त्या वासाला सरावलं होतं. नाही, त्या म्हणाल्या, मला तर काही येत नाही. कंडक्टरांनी मान हलवली. म्हणजे मलाच येतो, असं ते स्वतःशीच म्हणाले.

बाईंना वाटलं, आपल्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला, आता घाई केली पाहिजे! मफलर लवकर झाला तर अजूनही सावरतील. त्या रोज न्हायला लागल्या. जितक्या जास्त न्हायच्या तितका वास वाढायचा, जितका वास वाढायचा तितक्या जास्त वेळा कंडक्टर दार उघडायचे, आणि जितक्या वेळा ते दार उघडायचे तितक्या बाई जास्त न्हायच्या.

मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि तिची त्यांना आणखीच भीती वाटली. नवरा सुधारत होता. सकाळी दाढी करायला लागला होता. जेवायला लागला होता. एकदा तर आतल्या खोलीतून त्याचा हलका आवाज ऐकू आला, कुणाशी तरी बोलल्यासारखा. बाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

मग त्यांनी लेकीला फोन केला.

लेक सुतावरून स्वर्ग गाठणारी. फोन संपायच्या आत तिने बाबांना काय झालंय ते ठरवलं, मोठ्या दवाखान्यातल्या डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि तपासणी झाली की दोघांनी घर बंद करून आपल्याकडे राहायला यायचं, हेही सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी ती सर्दीने चोंदलेलं नाक घेऊन हजर झाली. आई हल्ली रोज न्हाते, असं बाबांकडून कळल्यावर तिने आईचे केस पाहिले. ते रोज न्हाणाऱ्या बाईचे वाटत नव्हते. तिने मनात आईसाठीही एक वेळ घेऊन ठेवली.

दवाखान्याच्या दिवशी बाईंच्या हातात कापडी पिशवी होती. सगळं सूत कातून झालं होतं. पीळ बसावा म्हणून त्याच्या लडी पहाटेच पाण्यातून काढल्या होत्या, आणि येताना मागवालीकडे टाकू म्हणून त्यांनी त्या ओल्याच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बरोबर घेतल्या होत्या.

डॉक्टर तरुण होता आणि शांतपणे ऐकणारा होता. खोली लहान होती आणि बंद होती. वास कधी येतो, असं त्याने विचारलं. कंडक्टर जरा ओशाळले. म्हणाले, ही न्हाऊन आली की जास्त येतो. लेकीने आईकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं. मग डॉक्टरने विचारलं, काका, आत्ता येतोय का? कंडक्टर चुळबुळले. खोटं बोलावं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी हळूच म्हणाले, “येतोय. फार येतोय.”

डॉक्टरने लिहायला पेन उचललं. मग थांबला. हवा हुंगली. टेबलाखाली वाकून पाहिलं, स्वतःच्या बुटांचे तळवे पाहिले.

“काका,” तो म्हणाला, “मलाही येतोय.”

कंडक्टरांचा चेहरा असा उजळला, की बाईंना तो पुढे कधी विसरता आला नाही. बरोबर होतो तर मी! ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि वळून दाराकडे बघायला लागले. आणि तेवढ्यात बाईंच्या पिशवीतून पाण्याचा एक ओघळ फरशीवर आला.

बाईंना सगळं एकदम कळलं. बादली, अडगळीची खोली, दार उघडणं, दाढी करणं. त्यांनी पिशवी घट्ट छातीशी धरली. कसंही करून ती घेऊन बाहेर पळावं, असं वाटलं त्यांना. पण लेकीने ती ओढून उघडली, आणि डॉक्टरच्या टेबलावर, त्याच्या कागदांवर, पांढऱ्या सुताच्या ओल्या लडी येऊन पडल्या.

मग बाईंची टकळी अशी सुटली, की माळ्यावरच्या अभ्र्यापासून मागवालीच्या भेसळीपर्यंत सगळं बाहेर आलं. लेक आधी चिडली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे पुसायचे राहून गेले. डॉक्टरही हसला. म्हणाला, काकांना काहीही झालेलं नाही, त्यांचं नाक घरात सगळ्यात शाबूत आहे.

कंडक्टर हसले नाहीत. ते लडीवरून हात फिरवत होते.

“म्हणजे तो येत नव्हता,” ते म्हणाले.

लेकीचं हसणं थांबलं.

“मला वाटलं, तो येतोय,” कंडक्टर म्हणाले. “जिना चढवत नाही त्याला, म्हणून दार आधीच उघडून ठेवायचो.”

डॉक्टरने कागद पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली.

लेक दोन दिवस राहून परत गेली. घर बंद करायचं तिने पुन्हा काढलं नाही. कंडक्टर खुर्चीत बसले, पण आता दाराकडे बघत नव्हते. बाईंना हात लावायला सूत होतं, तरी त्यांचा हात उठेना. माणसाच्या गळ्यात मायेने काही घालायला जावं आणि केसाने त्याचा गळा कापला जावा, असं त्यांचं झालं होतं. शेवटी मागवालीच त्यांना घरी येऊन घेऊन गेली. मागावर उभे धागे तिने लावून दिले, धोटा हातात दिला आणि समोर बसून राहिली. विणताना सूत पुन्हा पुन्हा तुटलं. दर वेळी बाई गाठ मारायच्या. एका गाठीला त्यांना दिसेनासं झालं. हात कामात होते, तरीही रडू आलं. बाईंना त्याचं नवल वाटलं.

मफलर झाला. पुन्हा म्हणून वास नको, या धास्तीने बाईंनी तो सुगंधी साबणाने तीनतीनदा खळबळला आणि उन्हात वाळवला. पांढरा, मऊ, थोडा गाठाळ. त्यांनी तो नवऱ्यापुढे धरला. कंडक्टरांनी तो उलगडला, दोन्ही हातांनी चेहऱ्याशी नेला आणि खोल श्वास घेतला.

“साबणाचा येतोय,” ते म्हणाले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कंडक्टरांनी मफलर गळ्याभोवती गुंडाळला. थंडी अजून पडली नव्हती. बघता बघता त्यांच्या कपाळावर घाम आला, कानशिलांवरून ओघळला. काढा हो, बाई म्हणाल्या. त्यांनी काढला नाही. आतल्या आत उकडून निघत ते बसले होते, आणि बहुधा उकाड्यानेच उठले. चपला घातल्या. बाईंनी विचारलं, येऊ का मी पण? हो, ते म्हणाले.

या फेरीला बाई कधी गेल्या नव्हत्या. कंडक्टर आणि चेकर गल्लीतून जाताना त्यांनी फक्त खिडकीतून पाहिले होते, तेही कोपऱ्यापर्यंतच. कोपऱ्यापलीकडे काय चालायचं, ते त्यांना माहीत नव्हतं.

कोपरा वळला आणि पहिल्याच विजेच्या खांबापाशी कंडक्टर थांबले. बाई दोन पावलं पुढे जाऊन परत आल्या. कंडक्टर उगाच समोरच्या भिंतीकडे बघत उभे होते, दुसऱ्याचं खासगी काम चाललेलं असताना भला माणूस नजर वळवतो तसे. घाम गळत होता. एक सायकलवाला त्यांच्याकडे वळून वळून बघत गेला.

बाईंनी खांबाच्या बुंध्याकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “किती वेळ थांबायचं असतं?”

“त्याचं होईपर्यंत,” कंडक्टर म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि त्याही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.