हत्तुरे सरांची मर्यादा

हत्तुरे सर चहासुद्धा मर्यादेत पितात. कपाच्या कडेखाली बोटभर जागा मोकळी हवी. चहावाल्यानं काठोकाठ भरला, की म्हणणार, "एक्सीड केलंस, बाळ," आणि वरचा चहा बशीत ओतून मला देणार.

एक्सीड हा सरांचा लाडका शब्द. निवृत्तीपर्यंत त्यांनी इंग्रजी शिकवलं, नववीत मलाही. "एक्सीड म्हणजे घालून दिलेली मर्यादा ओलांडणं," हे बाकावर उभं करून शिकवलं आणि तरी नापास केलं. तो राग अजून गेलेला नाही. मी शाळा सोडली, मोहोळच्या बाजारात सायकलवरून टॉवेल विकले. आज सोलापुरात चादरीचं दुकान माझं आहे. सर वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांच्या पत्नी वारल्यापासून रोज दुकानात येऊन बसतात. मी गिऱ्हाइकाला भाव सांगितला, की यांचं सुरू, "शिवा, यू आर एक्सीडिंग." गिऱ्हाईक हसतं आणि माझा भाव पडतो.

"पण मर्यादा घातली कुणी?" मी एकदा तडकलो.

"हाच खरा प्रश्न," सर खुशीत म्हणाले. "मर्यादाच नसेल तर एक्सीड काय करणार?"

परवा त्यांचा मुलगा विनय पुण्याहून गाडी घेऊन आला. वडिलांना कायमचं न्यायला. सर बॅग घेऊन खाली उतरले. चेहरा उतरलेला.

"जायचंय का तुमाला?" मी हळूच विचारलं.

"मुलाला नाही म्हणणं म्हणजे..." सरांनी बॅग खाली ठेवली.

माझं डोकं फिरलं. "विनय, बस हितं. कायमचं न्यायचं जमायचं न्हाय."

"काका, हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"व्हय की. म्हणून तर सबुरीनं बोलतोय. दिवाळी तुझी, बाकी वर्ष माझं."

"एकटे असताना काही झालं तर?"

"मी मागच्याच खोलीत राहतो. जेवण आमच्या घरचं."

"उन्हाळा तरी द्या. सोलापूरचं ऊन सोसणार आहे का त्यांना?"

"बरं, मे महिना घे."

"मे नको," सर एकदम म्हणाले. "दिवाळी पुरे."

विनय वडिलांकडं बघतच राहिला. तो काही बोलायच्या आत मी त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला. आमच्याकडं आहेर झाला, की पाहुण्यानं उठायचं असतं. तो उठला, सरांच्या पाया पडला. एवढा मोठा सौदा मी आयुष्यात जिंकला नव्हता.

गाडी गेली. "बॅग वर ठेवून या की," मी म्हणालो.

"घाई काय आहे? वर कोण वाट बघतंय," सर म्हणाले, आणि बॅग शेजारी घेऊन दुकानातल्या माझ्या गादीवर बसले.