कप्तानसाहेबांनी टेकडीवरी सर्प जिंकिला त्याची हकीकत

श्रीमंत अखंडित-उत्साही डोंगरभटके मंडळ यांचे सेवेसी सेवकाची विज्ञापना ऐसीजे. मंडळाचा हुकूम जाहला की टेकडीवरी सर्पाशी प्रसंग पडला तो साद्यंत लिहोन ठेवावा. सेवके अर्ज केला की घडले ते लिहावे की सांगतात ते? हुकूम जाहला की दोहोंत तफावत नाही. सबब सेवक लिहावयास बैसला, आणि तफावत आढळली तीही लिहीत गेला.

मंडळाचे सेनापती राजश्री कप्तानसाहेब. हा किताब त्यांस कोणी बहाल केला याचा तपास करितां त्यांचा त्यांनीच घेतला ऐसे निष्पन्न जाहले. पेशा पडदेविक्रीचा, अंगी खिसेच खिसे असलेले जाकीट, आणि त्यांत शिट्टी, होकायंत्र, दोरी, मलम ऐसा दारूगोळा. दर मोहिमेपूर्वी ते व्याख्यान देत की सर्प दिसतां निश्चळ उभे राहावे, त्यास वाट द्यावी, तोच आपणांस भितो. आणि त्यांनी मंडळास शिस्त लाविली ती ऐसी की एकामागे एक चालावे, आणि पुढील करील तेच मागील याने विचार न करितां करावे. पुढील वाकला तर वाकावे, उडी मारिली तर मारावी. विचार न करण्याची अट सर्वांस फार मानवली.

कप्तानांचे कुटुंब बाईसाहेब, दुकानी पडद्यांस झालर लावणाऱ्या, यांस सर्पाचे भय लहानपणापासोन. त्या कधी मोहिमेस आल्या नाहीत. परंतु आपला दरारा घरच्या माणसाने एकवार पाहावा ऐसी कप्तानांस भारी हौस, म्हणोन त्यांनी नाना प्रकारे मन वळविले आणि शेवटी वचन दिले की, "अगं, मी पुढे असताना तुला कसली भीती?" या एका वचनावरी भरवसा ठेवोन बाईसाहेब निघाल्या.

मग सकाळी फौजेने कूच केले. आघाडीस कप्तान, मागे बाईसाहेब, मग बाईसाहेबांचे धाकटे बंधू, मग दातांचे डॉक्टर, आणि मग उरले लष्कर. अर्धी टेकडी सर जाहली तो वळणावरी, वाटेच्या मधोमध, एक सर्प ऊन खात पडला होता. तपकिरी, हातभर, जेवोन सुस्तावलेला. त्याने फणा काढिला नाही, फूत्कार केला नाही, कोणाकडे पाहिले ऐसेही म्हणवत नाही. तो दृष्टीस पडतांच कप्तानांच्या तोंडचे पाणी पळाले, व्याख्यान गळाले, आणि मग त्यांनी दुकानात कधी न दाखविलेली चपळाई करोन बाईसाहेबांचे पिछाडीस मोर्चा लाविला.

पुढील पुरुष मागच्याच्या मागे गेला हे पाहोन शिस्तीप्रमाणे बंधू डॉक्टरांच्या मागे गेले, आणि डॉक्टर त्यांच्या मागच्याच्या मागे, आणि मग कप्तान त्यांच्याही मागे, ऐसे करीत अवघे लष्कर उलटे टेकडी उतरो लागले. कोणी थांबेना, कारण थांबेल तो पुढे राहील. बहुतेकांस सर्प दिसलाच नव्हता. डॉक्टरांचा एक जोडा काट्यांत कामास आला. मग गाड्या उभ्या होत्या तेथे येवोन फौजेने तळ दिला आणि एकमेकांचे शौर्याची तारीफ मांडिली.

वरती बाईसाहेब एकट्या राहिल्या. पाय हलेना, मागे वळोन पाहतात तो मागे कोणी नाही. सर्प आपल्या सवडीने उठोन झुडपात निघोन गेला. मग बाईसाहेब तेथेच मातीत बसल्या आणि पोटभर रडल्या. येथे सेवकास थट्टा सुचत नाही. मग त्यांनी डोळे पुसले, आणि खाली न येतां टेकडीचा माथा गाठिला, वारा खाल्ला, आणि मग सावकाश उतरल्या.

तोवर खाली कप्तानांनी जाहीर केले होते की शत्रूस हुलकावणी देवोन आम्ही त्यास आपलेकडे ओढिले, म्हणोनच कुटुंब बचावले. सर्वांनी माना डोलाविल्या, कारण ज्याला त्याला आपली अब्रू झाकावयाची होती. बंधूंनी सर्वांहून जोरात डोलाविली. बाईसाहेब खाली येतांच हे सारे त्यांस पुन्हा सांगितले; त्यांनी ते उभ्याने ऐकिले, आणि आवाज न चढवितां बोलल्या ते शब्दशः ऐसे:

"पाठीवर तुमचा हात पडला ना, तेव्हा मला वाटलं, धीर देताय. तुम्ही मला पुढे ढकललंत."

कप्तानांनी सारे खिसे एकेक करोन चाचपिले. बंधू बुटाची नाडी बांधो लागले. मग मंडळाची सभा तेथेच भरली, आणि एकमते ठराव जाहला की सर्पाने रणांगण सोडिले, सबब त्याचा पूर्ण मोड जाहला, आणि कप्तानसाहेबांस 'सर्पमर्दन' हा किताब बहाल करावा. टाळ्या जाहल्या. कप्तानांनी गाडीचे दार उघडोन कुटुंबास हाक मारिली. बाईसाहेब रस्त्यावरी बसची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी मान वळविली नाही. बस आली आणि त्या चढल्या.

येणेप्रमाणे दुर्घट मोहीम फत्ते जाहली. सर्पमर्दन कप्तानसाहेब नवा किताब आणि शेजारची रिकामी जागा घेवोन घराकडे रवाना जाहले. हुकुमाबरहुकूम लिहिले असे.