प्रसेनजित सरांची सुटका

रविवारी सकाळी प्रसेनजित तायडे सरांना सायकल बाहेर काढायला एक मिनिट लागे आणि स्वतः तयार व्हायला अर्धा तास. आधी बुडाला गादी शिवलेली आखूड चड्डी, मग बोटं कापलेले हातमोजे, नारिंगी चष्मा, धुळीसाठी नाकातोंडावर फडकं आणि सगळ्यांवर हेल्मेट. एवढं चढवून सर अनसिंगहून अकरा किलोमीटरवरच्या जांभरखेड्याला जात, चहा पीत आणि परत येत. त्यांचे वडील तेच अंतर मागे ज्वारीचं पोतं बांधून आयुष्यभर गेले होते. पण आपण सायकलिंग करतो आहोत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

सर जांभरखेड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत. देशातल्या लोकांची माहिती परदेशी कंपन्यांच्या ताब्यात जाते, याची त्यांना फार काळजी होती. देश वाचवायला त्यांनी घरापासून सुरुवात केली. महाविद्यालयानं भंगारात काढलेला कॉम्प्युटर घरी आणला, आठ महिने त्याच्याशी झटापट केली आणि शिलाई मशीनशेजारी स्वतःचा सर्व्हर उभा केला. याच सर्व्हरवर ‘लोकसंसद’ हे त्यांचं संकेतस्थळ चाले. तिथं राष्ट्रीय प्रश्नांवर खुली चर्चा होई. सभासद अकरा होते. त्यांतले दोन सर स्वतःच होते, कारण चर्चेला विरोधी पक्षही लागतो.

“इतकी घरघर करते हे डबडं,” सरांच्या पत्नी वैजयंतीबाई म्हणत, “अन् काम काय करते?”

“आपली माहिती आपल्या घरात सुरक्षित ठेवतं.”

“मंग माह्या भावाच्या लग्नाचे फोटो काहून दिसून नाही राह्यले?”

“म्हटलं ना, सुरक्षित आहेत.”

“कोनापासून? माह्यापासून?”

गेल्याच आठवड्यात सरांनी सर्व्हरला नवं काम दिलं होतं. सायकलच्या हँडलला लावलेला फोन दर मिनिटाला आपलं ठिकाण घरच्या सर्व्हरला कळवणार. अर्धा तास काहीच कळलं नाही, तर सर्व्हर आपणहून निकटवर्तीयांना निरोप धाडणार. निरोपाचा मजकूर सरांनी स्वतः लिहिला होता, म्हणजे तो साधा असणं शक्यच नव्हतं. ‘प्रसेनजित तायडे यांच्याशी संपर्क तुटला आहे. सजग नागरिकांनी तातडीने हालचाल करावी.’ त्याखाली शेवटचं ठिकाण आणि लोकसंसदेचा पत्ता. निकटवर्तीय एकेक करून निवडायचा कंटाळा आला, म्हणून सरांनी ‘सर्व’ या शब्दावर बोट ठेवलं. त्यामुळे गॅसवाला, विम्याचा एजंट आणि विद्यार्थ्यांचे पालक धरून तीनशे बारा माणसं त्यांची निकटवर्तीय झाली.

त्या रविवारी ‘सरकारला सात प्रश्न’ हा लेख लोकसंसदेवर टाकून सर निघाले. देशातल्या सगळ्या निवडणुका एकदम घ्याव्यात की नाही, यावर तो लेख होता. जांभरखेड्याच्या वेशीवर बाभळीचा काटा लागला आणि मागचं चाक बसलं. सरांकडे पंक्चर काढायचं छोटं पाकीट होतं, सोळा अवजारांचा चाकू होता आणि ते दोन्ही वापरायची पद्धत सांगणारं पुस्तकही होतं. सर सायकल ढकलत रहीमभाईच्या दुकानी गेले.

रहीमभाईचं दुकान पोलीस ठाण्याच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून होतं. त्यानं सरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“सर, इतकं सामान तर माह्या दुकानात बी नाही.”

पंक्चर दहा मिनिटांत निघालं. पण सरांच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह परदेशी, काडीसारखा बारीक. रहीमभाईचा पंप त्याला बसेना.

“बाजारात एकापाशी याले पंप बसवाची टोपी हाये. घेऊन येतो. तुमी बसा,” असं म्हणून रहीमभाई गेला. रविवार जांभरखेड्याचा बाजाराचा दिवस. बाजारात गेलेला माणूस फक्त टोपी घेऊन परत येत नसतो. सर बाकावर बसले. फोन मघाच बंद पडला होता, कारण दर मिनिटाला ठिकाण कळवता कळवता त्याची बॅटरी संपली होती.

अर्ध्या तासानं शिलाई मशीनशेजारच्या सर्व्हरनं आपलं कर्तव्य बजावलं. नकाशाला रहीमभाईचं दुकान माहीत नव्हतं. त्याला शेजारची सरकारी इमारत माहीत होती. म्हणून तीनशे बारा फोनवर एकदम निरोप आला: संपर्क तुटला आहे, शेवटचं ठिकाण पोलीस ठाणे.

लोकांनी लगेच लोकसंसदेचा पत्ता दाबला. ‘सरकारला सात प्रश्न’ हे शीर्षक दिसलं आणि सगळा उलगडा झाला. लेख कोणी वाचला नाही. शीर्षकच पुरेसं होतं. काहींनी मात्र घरी फोन लावले. वैजयंतीबाई तेव्हा दाण्याची चटणी करायला बसत होत्या.

“त्याइच्या फोनची बॅटरी दर ऐतवारी मरते,” त्यांनी चौघांना सांगितलं. पाचव्या फोनला त्या वैतागल्या, घरघरणाऱ्या डबड्याची पिन उपसली आणि तिथं मिक्सर लावला. त्याच क्षणी लोकसंसद जगातून नाहीशी झाली.

“पान उघडून नाही राह्यलं!” जांभरखेड्यात जगदेव इंगोले ओरडले. “बंद केलं सरकारनं! माणूस बी उचलला अन् त्याचं लिवलेलं बी दाबलं!”

जगदेवभाऊ तालुक्यातले जुने आंदोलक. गेले चार महिने त्यांना मुद्दा मिळाला नव्हता आणि त्यानं त्यांची तब्येत उतरली होती. बाजाराचा दिवस असल्यामुळे माणसं गोळा करावी लागली नाहीत. भाजीच्या पिशव्यांसकट मोर्चा निघाला.

बाकावर कंटाळलेल्या सरांनी घोषणा ऐकल्या आणि ते ताडकन उठले.

“कसला मोर्चा?” त्यांनी पालकाची जुडी घेतलेल्या एका माणसाला विचारलं.

“एका मास्तरले उचललं पोलिसाईनं. सरकारच्या इरोधात लिवलं म्हन्ते.”

“कोण मास्तर?”

“नाव नाही मालूम. पन मानूस हुशार होता म्हन्ते.”

अकरा वर्षं सर फळ्यावर अभिव्यक्तिस्वातंत्र्य लिहीत आणि पुसत आले होते. आज ते रस्त्यानं चालत होतं. चष्मा, फडकं आणि हेल्मेट यांमुळे त्यांना ओळखणं त्यांच्या आईलाही जमलं नसतं. ते मोर्चात शिरले आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडू लागले. “सोडा, सोडा, सरांना सोडा!” त्यांचा आवाज एवढा लागला, की लोकांनी त्यांना पुढं ढकललं. मग ठाण्याच्या पायरीवर चढून जगदेवभाऊंनी पूर्ण घोषणा दिली.

“प्रसेनजित तायडे सरांना...”

सरांचा वर गेलेला हात वरच राहिला. ते पायऱ्या चढले, फडकं खाली ओढलं आणि शुद्ध मराठी विसरून गेले.

“जगदेवभाऊ, मी अथीच हावो ना! मले कोनी नाही धरलं!”

जगदेवभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या गर्दीकडे पाहिलं आणि फडकं पुन्हा त्यांच्या नाकावर चढवलं.

“पाच मिनिटं दम धरा, सर. पेपरवाले आले हायेत.”

ठाणेदार बाबूलाल राठोड बाहेर आले. आपल्याकडे एकही मास्तर नाही, हे ते तिसऱ्यांदा सांगत होते आणि ते जितकं सांगत तितका लोकांचा संशय पक्का होत होता. जगदेवभाऊंनी हेल्मेटवाल्या माणसाकडे बोट दाखवून त्यांच्या कानात काही सांगितलं. ठाणेदारांनी कपाळाचा घाम पुसला.

“सोडा म्हन्तात तर सोडून देतो,” ते सरांना हळूच म्हणाले. “पन सोडाले मानूस आत पायजे. मागच्या दारानं या, पुढच्या दारानं जा. मामला खतम.”

आत जायचं, तर लगेच बाहेर येणं बरं दिसणार नव्हतं. म्हणून सरांना पंधरा मिनिटं ठाणेदारांसमोर बसवलं. सरांनी त्या वेळात सातपैकी तीन प्रश्न सविस्तर समजावून सांगितले. चौथा सुरू होताच ठाणेदारांनी घड्याळ न बघता पुढचं दार उघडलं.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी झेंडूचा हार घातला. पेपरवाल्यानं विचारलं, “आत काय झालं, सर?”

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. सरांनी हार नीट केला.

“मी माझ्या भूमिकेवर ठाम आहे,” ते म्हणाले.

सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर पेपर होता. ‘अखेर सुटका!’ या मथळ्याखाली हार, हेल्मेट आणि आखूड चड्डी ठळक दिसत होती.

“अटक झाली तर कार्यालयाला कळवावं लागतं,” प्राचार्य म्हणाले. “तुम्ही कळवलं नाही. निलंबनाचा प्रस्ताव पाठवावा लागेल.”

“सर, मला अटक झालीच नव्हती.”

“मग सुटका कशी झाली?”

अटक केली नव्हती असं पोलिसांचं पत्र शुक्रवारपर्यंत आणा, असं प्राचार्यांनी फर्मावलं. सर तीन दिवस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहिले. रविवारी ज्यांनी स्वतः दार उघडून सोडलं, तेच ठाणेदार आता हात जोडत होते.

“सर, साऱ्या बाजारादेखत सोडलं मी तुमाले. आता धरलंच नव्हतं असं लिवलं, तर सोडलं कोनाले? जगदेव उद्या त्याचाच मोर्चा आनंल.”

नोकरी जाणार म्हणून सरांची झोप उडाली. त्यांनी लोकसंसदेवर खरी हकिगत लिहिली. ती दबावाखाली लिहिलेली आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

गुरुवारी दुपारी वैजयंतीबाई एसटीनं एकट्याच जांभरखेड्याला गेल्या आणि ठाणेदारांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“साहेब, मले एकच सांगा. त्याइले पंधरा मिनिटं आत बसवलं होतं ना तुमी?”

“हो, बाई.”

“काय केलं त्याइनं?”

“बोलले,” ठाणेदार खोल आवाजात म्हणाले.

“मी बावीस वर्सं झाले आयकून राह्यली. नोकरी गेली तर दिवसभर रिकामे राह्यतीन. सायकल हाये, तुमचं ठाणं त्याइले आता मालूम हाये, अन् चार प्रश्न बाकी हायेत.”

ठाणेदारांनी तिथल्या तिथं कागद मागवला. मजकूर स्वतः सांगितला, सही केली, शिक्का दोनदा मारला.

पत्रानं नोकरी वाचली. प्राचार्यांनी ते फायलीला लावलं आणि एक प्रत सरांना दिली. सर ती वऱ्हांड्यात उभं राहून वाचू लागले. पहिली ओळ त्यांना आवडली. दुसरी वाचून मात्र त्यांनी प्रत घडी करून खिशात घातली आणि घरी जाऊन जेवण नको म्हटलं.

‘प्रमाणित करण्यात येते की, सदर इसमास पोलिसांनी अटक केलेली नाही. तसेच त्यांचे आजवरचे लिखाण व बोलणे पाहता, भविष्यातही त्यांना अटक करण्याची गरज भासेल असे वाटत नाही.’